काचपट्टीची शेपटी

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, चपला घालून कामावर निघालेल्या माणसाकडे घरचे जसे बघतात तसं आई तिच्याकडे बघत होती.

"आज कुठे निघालीस? आज लॅब बंद ना?"

"तासाभराचं काम आहे. सोमवारी सगळं सामान नव्या इमारतीत जाणार. जुन्या काचा एकदा बघून ठेवते."

"काचा काय पळून चालल्यात?" आई म्हणाली. वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ अजून तिशीतली. मग आवाज खाली आणून तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. "जा बाई. तू होतीस म्हणून धाकटीचं रक्त निदान एकदा तरी तपासलं गेलं. कुणी काही बघितलंच नाही, असं तरी म्हणायला नको."

हे वाक्य एकोणीस वर्षांत तिने किती वेळा ऐकलं असेल, कोण जाणे. आठवड्यातून दोनदा तरी, जेवताना, निजताना, काही कारण नसताना. आणि दर वेळी ती "हं" म्हणायची. आजही "हं" म्हणाली आणि जिना उतरली.

तिला सगळे ताईच म्हणत. घरी थोरली म्हणून ताई, आणि हॉस्पिटलात चौतीस वर्षं रक्त-लघवी तपासून तपासून ती सगळ्यांचीच ताई झाली होती. तिच्याहून मोठे डॉक्टरसुद्धा "ताई, जरा बघता का?" म्हणत काच पुढे करायचे. नजर अशी की काचेवर काय आहे हे ती रंग वाळायच्या आत सांगते, अशी चेष्टा चालायची. तिला ती चेष्टा आवडत नसे. लोकांना वाटायचं, विनय आहे.

जुनी लॅब हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होती, बैठी, लांबट. दाराशी खुर्ची टाकून मामा बसले होते. मामा म्हणजे लॅबचे शिपाई. अख्ख्या हॉस्पिटलचे मामा. सख्ख्या भाच्यांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं होतं, हे मात्र त्यांनाही आठवत नसावं.

"ताई, सुट्टीचं पण? घरी करमत नाही का?"

"तुम्हाला करमतं का?"

"मला करमतं हो. घरच्यांना मी असलो की करमत नाही." मामांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. "मी जरा कँटीनकडे पाय मोकळे करून येतो. घाबरणार नाही ना एकट्या?"

"कशाला घाबरू? आत सगळी बाटलीत बंद माणसं."

मामा हसत गेले. ती आत शिरली, आणि तिचं हसू दारातच राहिलं.

आत खोकी बांधून ठेवलेली. भिंतींवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उमटलेले. काचा साफ करायच्या झायलीनचा तो डोक्यात चढणारा वास मात्र कुणाला बांधून नेता आला नव्हता. बोळाच्या टोकाला सूक्ष्मदर्शकाची खोली. तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीवर जाड काळा पडदा, कारण बाहेरचा उजेड आला की भिंगातलं चित्र फिकट पडतं. भर दुपारीही त्या खोलीत अंधारच असायचा. तिने दार लोटलं आणि दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. वरची नळी सामानाबरोबर आधीच निघाली होती. राहिला होता तो टेबलावरचा जुना सूक्ष्मदर्शक, एका डोळ्याचा. कोपऱ्यात शिकवायच्या काचांचं कपाट, बारीक बारीक खणांचं.

तिचं खरं काम त्या कपाटात होतं. आईला सांगितलं ते अर्धंच होतं.

शुक्रवारी नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "ताई, शिकवायच्या सगळ्या स्लाइड्स आपण नव्या मशीनवर स्कॅन करून घेऊ. मुलांनी एक डोळा मिटून किती दिवस बसायचं? या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी काच पडद्यावर येते. काही सुटायचा प्रश्नच नाही."

"छानच की," ताई म्हणाली होती, आणि तिची नजर कपाटाच्या तिसऱ्या खणाकडे गेली होती.

ती वाकून तिसरा खण ओढत होती. त्यात मागच्या बाजूला एक काच होती. टोकाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तिच्याच वळणदार अक्षरात: नॉर्मल रक्त. गेली एकोणीस वर्षं कितीतरी विद्यार्थ्यांनी ती काच लावून निरोगी माणसाचं रक्त कसं दिसतं ते वहीत काढलं होतं, तांबड्या पेन्सिलीने गोल, जांभळ्या पेन्सिलीने ठिपके. ते रक्त कुणाचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते धाकटीचं होतं.

धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. शाळेत कवायत शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायाला भिंगरी. डोळ्यांवर मात्र जाड चष्मा, आणि तो काढला की समोरचा माणूस ओळखू येत नसे. अशी मुलगी एक दिवस म्हणायला लागली, जिना चढवत नाही. दात घासताना रक्त येतं. मांडीवर निळे डाग उठलेत, पडलेबिडले नाही. ताई म्हणाली, ये लॅबमध्ये, बोट टोचून बघू.

ती आली तेव्हा संध्याकाळचे साडेचार झाले होते आणि दुसऱ्या दिवशी तपासणी पथक यायचं होतं. लॅबमध्ये धावपळ. रजिस्टरं, बाटल्या, लेबलं. ताईने बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने पसरवला, रंगवला. मग तिने ती चूक केली, जी तिच्या हाताखालच्या नवशिक्या मुलीने केली असती तर तिने तिला वर्गाबाहेर काढलं असतं.

सूक्ष्मदर्शकाची गंमत अशी आहे की त्यात जितकं मोठं दिसतं, तितकं थोडं दिसतं. खालचं भिंग शंभर पटीचं, डोळ्याचं दहा पटीचं, दोन्ही मिळून हजार पट. नुसत्या डोळ्याला न दिसणारी पेशी तिथे शर्टाच्या बटणाएवढी होते, पण काचेवरचा अंगठ्याएवढा डाग सोडून आपण टाचणीच्या टोकाएवढी जागा बघत असतो. बाकीचं सगळं अंधारात. म्हणून आधी लहान भिंग लावायचं आणि अख्खी काच फिरून यायची. त्यातही शेपटी आधी. थेंब पसरवताना मोठ्या पेशी ओढल्या जातात आणि पार टोकाला, जिथे थर पातळ होत संपतो, तिथे जाऊन साचतात. काही वाईट असेल तर ते बऱ्याचदा तिथे सापडतं. "आधी शेपूट, मग पोट," असं ताई मुलांना घोकवून घ्यायची. वर्गात हशा पिकायचा.

त्या दिवशी तिने शेपूट बघितलंच नाही. तेलाचा थेंब टाकला, एकदम मोठं भिंग लावलं, डागाच्या मधोमध शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. सगळ्या नीट. बारीक ठिपके, म्हणजे रक्त गोठवणारे, जरा कमी वाटले, पण पसरवण्यात कमीजास्त होतं. तिने लिहिलं, नॉर्मल. लोहाच्या गोळ्या दिल्या.

धाकटी तिसऱ्या आठवड्यात गेली. रक्ताचा कर्करोग, फार झपाट्याचा. मोठे डॉक्टर म्हणाले, हा असाच अचानक येतो, आधी कुणाला कळत नाही. सगळ्यांनी मान हलवली. ती काच कुणी मागितली नाही. ताईलाही ती फेकवेना आणि बघवेना. जुन्या काचा काढून टाकायची वेळ आली तेव्हा तिने तिच्यावर 'नॉर्मल रक्त' अशी चिठ्ठी चिकटवली आणि शिकवायच्या खणात सरकवून दिली. स्वतः मात्र त्या काचेवर कधी डोळा ठेवला नाही. मुलांना शिकवताना ती काच लावायची वेळ आली की, "तुम्हीच लावा, मध्यावर बघा," म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

आज तिला ती काच काढून न्यायची होती, बस. सोमवारी ती मशीनमध्ये जाऊन भिंतीएवढ्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायला नको. काच तिने खणातून काढली, रुमालात गुंडाळली, पर्सची चेन उघडली. आणि मग काय झालं, तिलाही नीट सांगता येत नाही. एकोणीस वर्षं जी टाळली ती गोष्ट हातात होती, खोली रिकामी होती, आणि समोर तोच सूक्ष्मदर्शक होता.

तिने खुर्ची ओढली. यंत्राचा दिवा लावला. पिवळा उजेड टेबलापुरता पडला आणि बाकीची खोली आणखी काळी झाली. काच लावली, तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली आणलं. थेट मोठं भिंग. अजूनही तिने शेपटीकडून सुरुवात केली नाही, हे लक्षात घ्या. माणूस पश्चात्तापातही आपली वाट सोडत नाही.

मध्यावर सगळं ठीक होतं. फिकट तांबूस गोल एकमेकांना न चिकटता पसरलेले. एक पांढरी पेशी, तिचं केंद्रक तीन पाकळ्यांचं, जसं पुस्तकात असतं तसं. ताईने श्वास सोडला. चष्म्यावर वाफ आली. तो काढून तिने पुसला, पुन्हा घातला, आणि डोळा लावला.

चित्र धूसर झालं होतं.

जुनं यंत्र, स्क्रू ढिला झाला असेल, तिने मनात म्हटलं. बारीक फोकसचा स्क्रू पाव फेरा वर घेतला तेव्हा सगळं पुन्हा लख्ख झालं. तिने टिपकागद घ्यायला मागे वळून हात नेला. लांब कँटीनकडे कुणाचा तरी रेडिओ वाजत होता, तो बंद झाला. तिने पुन्हा डोळा लावला.

धूसर. तेवढंच. पुन्हा पाव फेरा.

तिने डोळ्याच्या भिंगाला बोट लावलं. त्याची कड कोमट होती आणि काचेवर ओलसर धुकं होतं, कुणी नुकताच डोळा तिथून काढल्यावर असतं तसं. तिचा स्वतःचा श्वास असेल... पण ती तर मागे वळून बसली होती.

प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा असतो. चौतीस वर्षांत तिला लॅबमधल्या सगळ्यांचे फोकस पाठ झाले होते. कोण येऊन बघून गेलं ते ती स्क्रूवरून सांगायची. आणि पाव फेरा खाली ठेवून जाणारं एकच माणूस होतं. शाळा सुटली की ती इथे यायची, जाड चष्मा काढून टेबलावर ठेवायची आणि ताई नसताना यंत्रात डोळा घालायची. ताई परत आली की ओरडायची, "पुन्हा हात लावलास ना?"

"कोण आहे?" ताईने विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "कोण... आहे का कुणी?"

खोलीत कुणी नव्हतं. दार लोटलेलं तसंच होतं.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, घट्ट. आणि फोकस तसाच धूसर ठेवून पुन्हा डोळा लावला. न बघणं जास्त भयंकर वाटत होतं म्हणून.

धूसर गोल हलले. काच सरकत होती.

आधी अगदी थोडी. कडेला एक पांढरी पेशी अर्धवट दिसत होती. कुणीतरी ती मध्ये आणायला बघत होतं. पण सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं. काच उजवीकडे नेली की चित्र डावीकडे पळतं. ज्याला हे ठाऊक नाही तो पेशीच्या मागे लागतो आणि पेशी त्याच्यापासून लांब जाते. तसंच झालं. पेशी कडेच्या बाहेर निसटली. काच थांबली, जणू कुणी गोंधळलं. मग पुन्हा त्याच चुकीच्या दिशेला सरकली, हट्टाने, हिसके देत, जास्त जोरात. यंत्राच्या बाजूची, काच सरकवायची चकती ताईच्या कानाशी कुरकुरत फिरत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

आणि जे तिने एकोणीस वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं ते वर आलं.

त्या दिवशी ती टेबलाशी रिपोर्ट लिहीत बसली होती. पाठीमागे धाकटी यंत्राशी. "ताई, ही पळते कशी गं? मी इकडे आणते, ही तिकडे जाते!" "उलटं दिसतं त्यात. हात लावू नकोस." "थांब ना जरा... अगं, इथे टोकाला केवढाल्या आहेत! मघाशी तू दाखवल्यास त्या बारक्या होत्या. या मोठ्या मोठ्या, जांभळ्या. बघ ना एकदा." आणि ताईने मानसुद्धा वळवली नव्हती. म्हणाली होती, "टोकाला रंगाचा गाळ असतो. सर बाजूला, मला बंद करायचंय."

"बरं बाई," धाकटी म्हणाली होती, आणि चष्मा घालून उठली होती.

चुकीच्या दिशेने फिरवत फिरवत ती पोरगी नेमकी शेपटीवर पोचली होती. जे बघणं ताईचं काम होतं, ते तिने चुकून बघितलं होतं. आपल्याच रक्तात. आणि दाखवलंही होतं.

यंत्राच्या दिव्याचं बटण हाताशी होतं. ते दाबलं असतं तर सगळं संपलं असतं. ताईचा हात तिकडे गेलाही, पण तिने तो मागे घेतला. एकदा सांगितलेलं आपण ऐकलं नाही, आता पुन्हा सांगायला आलेल्याच्या तोंडावर दिवा कसा मालवायचा?

काच सरकत राहिली. तांबूस गोल विरळ होत गेले, मग एकटेदुकटे, मग थर संपत आला. तिथे काच थांबली.

धुक्यात मोठे जांभळे डाग होते. फोकस दुसऱ्याच्या डोळ्याचा होता, म्हणून ताईला ते नुसते डाग दिसत होते. अजूनही रंगाचा गाळ म्हणता आला असता. उठून, काच पर्समध्ये टाकून, वाटेत नाल्यात फेकून देऊन घरी जाता आलं असतं. फक्त पाव फेरा वर घेतला की कळणार होतं.

तिने स्क्रूला बोटं लावली. स्क्रू फिरेना. अडकलेला नव्हता, कुणी धरून ठेवल्यावर जसा लागतो तसा लागत होता. बोटांखाली लोखंड होतं, पण ते गार नव्हतं.

"सोड ना..." ताई पुटपुटली. "मी बघते. आज बघते. खरंच बघते."

स्क्रू हलका झाला.

चित्र हळूहळू उघडलं. गाळ नव्हता. तांबड्या पेशीच्या तिप्पट चौपट मोठ्या, पेशीभर पसरलेलं जांभळं केंद्रक, त्यात फिकट गोल खिडक्या. कच्च्या पेशी, रक्ताच्या कर्करोगाची खूण. दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ओळखता आल्या असत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, टोकाच्या रेषेवर दाटीवाटीने. सवयीने ती मोजू लागली आणि अकरापर्यंत येऊन तिला पुढचा आकडा आठवेना.

"होत्या गं," ती म्हणाली. "मोठ्याच होत्या. तू बरोबर बघितलं होतंस."

तिने डोळा भिंगावरून काढला नाही.

"मी बघायला पाहिजे होतं. एवढं मान वळवून... काय गेलं असतं माझं?"

काच पुन्हा हलली नाही. स्क्रू पुन्हा खाली गेला नाही. डोळ्याच्या भिंगाची कड हळूहळू गार पडली. ताई बराच वेळ बसून राहिली, कान लावून, विनवण्या करत. रागाव, ओरड, काहीतरी कर. आधी ती घाबरली होती ती कुणी आहे म्हणून. आता कुणी नव्हतं, आणि हे तिला त्याहून सोसवेना.

मामा परत आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. "झालं काम?" त्यांनी विचारलं. ती "झालं" म्हणाली. "डोळे लाल झालेत ताई. जुन्या यंत्रात फार बघू नये." तिने किल्ल्या परत दिल्या.

घरी आई टेबलाशी बसून अंदाजाने वाटाणे सोलत होती. टेबलावरचा दिवा लावलेला होता, बाहेर उजेड असूनही. मोतीबिंदूने तिची वेळ कधीच बिघडवून टाकली होती. ताई समोर बसली. तोंड धुतलं नाही, चहा ठेवला नाही. आज बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ऐंशी वर्षांच्या बाईचा एकुलता एक आधार आपण काढून घेतोय, हेही ठाऊक होतं.

"आई, धाकटीचं रक्त मी नीट बघितलं नव्हतं. घाईत होते. त्यात होतं सगळं. त्या दिवशीच होतं. ती काच मी अजून ठेवलीय, आज पुन्हा बघितली."

आईचे हात थांबले.

"तिने स्वतः बघितलं आणि मला सांगितलं. मी म्हटलं गाळ आहे."

तिने हातातली शेंग टेबलावर ठेवली.

"आधी कळतं तर वाचली असती?" आईने विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक नाही. पण कळलं असतं. आपण तिला बसवून ठेवलं असतं, तिच्याजवळ राहिलो असतो. तीन आठवडे होते आपल्याकडे. रिपोर्ट चांगला आहे म्हणून आपण तिला नाटकी म्हणत होतो. ताप अंगात घेऊन ती शाळेत शिट्ट्या फुंकत होती..."

आईने सोललेले वाटाणे एकीकडे केले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच रात्री सांगितलं तिने मला. 'आई, ताईच्या यंत्रात मी काहीतरी मोठं बघितलं गं, मला भीती वाटते.' मी काय म्हटलं माहितेय? ताईला जास्त कळतं की तुला? ऊठ, भांडी घास, सगळे आजार पळतील." आईचा आवाज अगदी सरळ होता. "घासली तिने. सगळी घासली."

"आई..."

"तुला कळलं तर तू जगायची नाहीस, असं वाटलं मला. म्हणून आपली म्हणत राहिले, तू तपासलंस, तू तपासलंस. दर चार दिवसांनी तुझं तोंड बघायचे, अजून कळलं नाही ना म्हणून. एवढी वर्षं एका घरात राहून आपण दोघी..." तिने हात हवेत उडवला. एकोणीस वर्षं त्या दोघी एकमेकींना सांभाळत राहिल्या होत्या, आणि जिला सांभाळायचं होतं तिला दोघींनीही झिडकारून उठवलं होतं.

"आणलीस का ती काच?"

ताईने रुमाल उलगडला. टिपकागदाने तेल पुसूनच तिने काच आणली होती; कोरडी ठणठणीत, वर जांभळट डाग, जिभेच्या आकाराचा. आईने ती दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेली, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. तिला काय दिसणार होतं? सूक्ष्मदर्शकाशिवाय कुणालाच काही दिसलं नसतं. मग नुसतं बघून तिचं समाधान होईना म्हणून, आंधळी माणसं करतात तसं, तिने काचेवरून बोट फिरवलं. मध्यापासून हळूहळू टोकाकडे.

टोकाला आल्यावर ती थांबली.

"ओलं आहे गं हे," आई म्हणाली.

"नाही आई, एकोणीस वर्षांपूर्वीचं..."

आईने काच टेबलावर ठेवून बोट दिव्याखाली धरलं. ते जांभळं नव्हतं, लाल होतं. काचेच्या कडेने कापलं असेल म्हणून ताईने घाईघाईने ते रुमालाने पुसलं, उलटसुलट करून पाहिलं. बोटाला कुठेच चिरलं नव्हतं. तिने टेबलावरची काच उचलली, टोकाची बाजू रुमालाने टिपली आणि दिव्याखाली धरली. तिथे पुन्हा एक थेंब हळूहळू भरून येत होता.